उंच गवतालाही जागा द्या

गुळगुळीत हिरवळ डोळ्यांना गार वाटते. पण दर आठवड्याला छाटल्या जाणाऱ्या गवताला ना तुरा येतो, ना त्यात बी धरते. पाखरांना तिथे खायला फारसे काही उरत नाही. बागेतला एखादा उन्हाचा कोपरा मारवेल, पवना, वाळा अशा उंच देशी गवतांना दिला, तर चित्र पालटते.

पावसाळा सरता सरता गवताला तुरे येतात आणि मुनियांचे थवे बी टिपायला उतरतात. वटवट्या दाट पात्यांत किडे शोधतो, घरटेही तिथेच बांधतो. सुगरण नर लांब पात्यांच्या चिरफळ्या काढून घरटे विणतो. ईव्हनिंग ब्राऊन फुलपाखराच्या अळ्या गवताच्या पात्यांवरच पोसतात. वाळ्याची मुळे तर २ ते ३ मीटर खोल जाऊन उताराची माती धरून ठेवतात.

कुसळी मात्र वाटेपासून लांब लावा. तिचे पीळदार कुसळ ओल लागली की उलगडते, सुकले की पुन्हा पिळले जाते आणि बी जमिनीत घुसवते. कपड्यांत आणि जनावरांच्या कातडीतही ते तसेच शिरते.

ठोंब जूनच्या पावसावर लावा. गवत बुडाजवळून फुटते, म्हणून कापल्याने मरत नाही. तरी दिवाळीनंतर लगेच कापायची घाई नको. उन्हाळ्याच्या अखेरीस वीतभर बुंधा ठेवून कापा, तेही सगळे एकदम नाही. सुके गवत चटकन पेटते. ते घरापासून दूर राखा आणि जाळू तर मुळीच नका.