परवडणारा गुडघा : यंत्ररचना आणि बसण्याची भाषा

भाषाशास्त्राच्या पत्रिकेत कृत्रिम गुडघ्याविषयीचा लेख पाहून वाचकांस काहीसे नवल वाटेल. तो आपल्याला लिहावा लागेल, असे प्रस्तुत लेखकासही वाटले नव्हते. काही वर्षांपूर्वी अभियांत्रिकीचे अध्यापन करणाऱ्या एका मित्राने एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत करून देण्याची विनंती केली. मांडीतून पाय गमावलेल्या व्यक्तींना ती विचारावयाची होती. तीत एक साधा प्रश्न होता : कृत्रिम पाय लावून आपणांस बसता येते काय? भाषांतर एका ओळीचे. पण तेथेच लेखणी अडली. मराठी माणूस नुसता बसत नाही. तो मांडी घालून बसतो, उकिडवा बसतो, एक गुडघा उभा करून बसतो, फतकल मारून बसतो, आणि अलीकडे खुर्चीवरही बसतो. प्रश्नास 'हो' असे उत्तर आले, तर ते यांपैकी कोणत्या बसण्याचे समजावयाचे? त्या अडखळण्यातून जे वाचन आणि जी विचारपूस झाली, तिचे सार येथे मांडीत आहे.

प्रथम गुडघ्याचे कार्य पाहू. गुडघ्याखालून पाय तोडलेल्या माणसाचा स्वतःचा गुडघा शिल्लक असतो. त्याला हवे असते ते पाऊल व पोटरी. मांडीतून पाय गेलेल्याची अडचण निराळ्याच जातीची आहे. चालताना प्रत्येक पाय सुमारे साठ टक्के काळ जमिनीवर टेकलेला असतो व उरलेला चाळीस टक्के काळ अधांतरी पुढे झुलतो. टेकलेल्या काळात गुडघ्याने मुळीच दुमडू नये आणि झुलण्याच्या काळात त्याने सहज दुमडावे, अशी ही परस्परविरुद्ध मागणी आहे. तीही एकाच सांध्याकडून आणि सेकंदाच्या अंतराने. टाच टेकते त्या क्षणी जमिनीची प्रतिक्रिया गुडघ्याच्या मागून जाते आणि गुडघ्यास दुमडू पाहते. धडधाकट माणसात मांडीचा पुढला स्नायू त्याला आवरून धरतो. कृत्रिम गुडघ्यात हा स्नायू नाही. उरलेल्या मांडीने सॉकेट मागे रेटणे, एवढाच उपाय त्या माणसाच्या हाती राहतो. तो क्षणभर चुकला की माणूस पडतो.

अभियंते या गुणास 'स्थैर्य' म्हणतात. ज्या चार-सहा जणांशी मला बोलता आले, त्यांच्यापैकी एकानेही स्थैर्य हा शब्द उच्चारला नाही. 'गुडघा दगा देतो' किंवा 'देत नाही', असे ते म्हणत. भाषेच्या अभ्यासकास यातील कर्तृपद महत्त्वाचे वाटावे. दगा देणारा हा कर्ता आहे, आणि त्याच्यावर विसंबून रस्ता ओलांडावयाचा आहे.

या अडचणीवरील सर्वांत जुना व सर्वांत स्वस्त तोडगा म्हणजे कुलूप. उभे राहताच गुडघा सरळ रेषेत अडकवून टाकावयाचा आणि बसताना हाताने खटका ओढून तो सोडावयाचा. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने युद्धग्रस्त देशांत पॉलिप्रॉपिलिनचे जे स्वस्त पाय बसविले, त्यांतही एकाक्षी व कुलूप लावता येणारा गुडघा आढळतो. कुलूप दगा देत नाही. पण ताठ पाय पुढे आणावयाचा म्हणजे कंबर उचलावी लागते किंवा पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवावा लागतो. त्यात श्रम अधिक होतात, आणि चालणाऱ्याकडे सारा रस्ता पाहतो, हे दुःख वेगळेच. दुसऱ्या टोकाला सूक्ष्मसंगणकाने नियंत्रित होणारे गुडघे आहेत. 'सी-लेग' हा १९९७ साली पुढे आलेला गुडघा त्यांतला प्रसिद्ध. तो प्रत्येक पावलागणिक द्रवाचा रोध कमीअधिक करतो. त्याला रोज वीज लागते, आणि त्याची किंमत कित्येक लाख रुपयांत जाते.

या दोन टोकांमधील वाट भूमितीची आहे. बिजागरीसारख्या एकाच आसाऐवजी मांडी व पोटरी यांना पुढील व मागील दांड्यांनी जोडले, तर चार दांड्यांची साखळी तयार होते. अशा सांध्याचे फिरण्याचे केंद्र कोणत्याही एका खिळ्यात नसते. पुढील व मागील दांड्यांच्या रेषा वाढविल्यावर त्या जेथे छेदतात, तेथे ते त्या क्षणापुरते असते. पाय सरळ असताना हा छेदबिंदू प्रत्यक्ष सांध्याच्या बराच वर व मागे पडतो. त्यामुळे शरीराचा भार त्याच्या पुढून जातो आणि गुडघ्यास दुमडण्याऐवजी सरळ दाबून ठेवतो. शिवाय केंद्र वर असल्याने उरलेल्या मांडीच्या थोड्या रेट्यानेही पाय ताब्यात राहतो. पाय दुमडू लागला की केंद्र खाली व पुढे सरकते आणि सांधा मोकळा होतो. याखेरीज दुमडताना पायाची लांबी किंचित घटते, म्हणून चवडा जमिनीस घासत नाही. हे सारे दांड्यांच्या लांबीतून व कोनांतून साधते. त्याला वीज लागत नाही. माझ्या मते या विषयातील खरे सौंदर्य येथे आहे.

याच तत्त्वावर स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीसाठी एक गुडघा रचला. तेलयुक्त नायलॉनचा असल्याने तो स्वतःच वंगण पुरवितो. त्याची निर्मिती सुमारे वीस डॉलरांत होऊ शकते, असे सांगण्यात आले. 'टाइम' साप्ताहिकाने २००९ च्या उत्तम शोधांत त्याची गणना केली. पुढे २०२२ मध्ये मद्रास येथील आयआयटीने सोसायटी फॉर बायोमेडिकल टेक्नॉलॉजी व मोबिलिटी इंडिया या संस्थांच्या साहाय्याने 'कदम' नावाचा बहुकेंद्री गुडघा सादर केला. तो १६० अंशांपर्यंत दुमडतो. चालताना झुलत्या पायाचा गुडघा सुमारे साठ अंश दुमडतो, खुर्चीवर बसताना नव्वद. मग १६० कशासाठी? बस व रिक्षांतील अपुऱ्या जागेत पाय मागे घेता यावा, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. येथे आपण पुन्हा बसण्याकडे येतो.

जयपूर फूट या पावलाची कथा सर्वपरिचित आहे. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यज्ञ प्रमोद करण सेठी यांनी ते घडविले. तत्कालीन पाश्चात्त्य पाऊल बुटात घालण्यासाठी होते व त्याचा घोटा ताठ होता. जयपूरचे पाऊल अनवाणी चालण्यास, चिखलात उतरण्यास आणि उकिडवे बसण्यास योग्य ठरले. परंतु मांडीतून पाय गेलेल्यास पाऊल कितीही लवचिक मिळाले, तरी गुडघा नव्वद अंशांवर अडत असेल तर उकिडवे बसणे दूरच राहते.

मांडी घालण्याचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. गुडघा अधिक दुमडला म्हणजे मांडी घालता येईल, असा समज सहज होतो. वस्तुतः मांडी घालताना मुख्य हालचाल खुब्यात होते. मांडी बाहेर वळते. आपल्या भाषेने या आसनाचे नाव गुडघ्यावरून न ठेवता मांडीवरून ठेवले आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कृत्रिम पायात सॉकेटची कड जांघेत अडते व हे वळण अपुरे पडते. म्हणून गुडघ्याच्या वर एक फिरती चकती बसवितात. कळ दाबली की गुडघ्यासकट खालचा पाय आडवा वळविता येतो. म्हणजे उकिडवे बसण्यास कोन हवा, तर मांडी घालण्यास फिरकी. 'बसणे' या एका क्रियापदाखाली दोन निरनिराळी यंत्रे दडलेली आहेत. प्रश्नावलीने त्यांना एकत्र बांधले, तर उत्तरांतून कोणते यंत्र हवे ते कळणार नाही.

किमतीविषयीही अशीच शब्दांची गफलत होते. 'स्वस्त' हा वस्तूचा गुण आहे. 'परवडणे' हा वस्तू व माणूस यांमधील संबंध आहे, म्हणून मराठीत ते नेहमी कोणाला तरी परवडते. वीस डॉलर हा आकडा केवळ सांध्याचा आहे. सॉकेट, त्याचे माप, पायाची जुळणी, चालण्याचे शिक्षण, आणि मांडीचा आकार बदलल्यावर पुन्हा नवे सॉकेट, हा खर्च त्यात धरलेला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यात बुडालेली मजुरी तर कोणीच मोजीत नाही. टिकाऊपणाची कसोटी आयएसओ १०३२८ या मानकात आहे. तीत पायावर तीस लाख वेळा भार द्यावा लागतो. ही संख्या मोठी वाटते. पण त्या पायाने दिवसाला तीन हजार पावले टाकणाऱ्या माणसाच्या हिशेबाने ती एक हजार दिवसांत, म्हणजे तीन वर्षांच्या आतच पुरी होते. शेतात काम करणाऱ्याच्या पायाला धूळ, पाणी व बांध यांची भर पडते. म्हणून कोणता भाग झिजेल, आणि तो तालुक्याच्या गावी साध्या पान्याने बदलता येईल काय, हा प्रश्न मूळ किमतीइतकाच मोलाचा मानला पाहिजे. नामांकित कृत्रिम पाय फुकट मिळूनही तो कोपऱ्यात उभा असलेला मी एका घरी पाहिला आहे. एक खिळा सैल झाला होता. त्या मापाचा खिळा कोठे मिळतो, हे घरातल्या कोणास ठाऊक नव्हते.

प्रश्नावलीत अखेर त्या एका प्रश्नाचे पाच प्रश्न झाले. मित्राने प्रथम कुरकुर केली, मग ते मान्य केले. सहावा प्रश्न मात्र एका उत्तरदात्याने सुचविला. वय पन्नाशीचे, पूर्वी गवंडीकाम केलेले. त्यांना पाचही बसणी विचारून झाल्यावर ते म्हणाले, "बसायचं काय हो सर, बसतो कसाही. उठताना धरायला काय आहे, ते विचारा ना." यंत्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अचूक होते. स्नायूविना असलेला गुडघा दुमडू देतो. पण वर उचलून देत नाही. उठण्याचे सारे काम दुसरा पाय आणि हात करतात. त्यांच्या शौचालयात भिंतीला लोखंडी कडी ठोकलेली होती. ती त्यांनी स्वतः बसविली होती.