सिल जॉन्सन : सोल संगीताचा दुर्लक्षित शिलेदार आणि हिप-हॉपची उसनवारी

सिल जॉन्सन (१९३६–२०२२) हा शिकागोच्या सोल संगीतातला गायक, गिटारवादक, हार्मोनिकावादक, गीतकार आणि निर्माता. १९६७ ते १९८२ या काळात त्याची गाणी अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत अधूनमधून झळकत राहिली, पण मार्व्हिन गे, कर्टिस मेफिल्ड किंवा अल ग्रीन यांच्या पंक्तीत त्याला कधी पान मिळाले नाही. त्याच्या ध्वनिमुद्रणांचे नशीब मात्र वेगळे निघाले. पुढच्या पिढीतल्या हिप-हॉप निर्मात्यांनी त्यांतले ठेके, हुंकार आणि सुरांचे तुकडे उचलून शेकडो नव्या गाण्यांत बसवले. या उसनवारीने जॉन्सनचा आवाज जिवंत राहिला. मोबदला मात्र आपोआप चालत आला नाही, तो त्याने झगडून मिळवला.

मिसिसिपी ते शिकागो

जॉन्सनचा जन्म १ जुलै १९३६ रोजी मिसिसिपी राज्यातल्या होली स्प्रिंग्ज गावाच्या परिसरात झाला. त्याचे मूळ नाव सिल्वेस्टर थॉम्पसन. विसाव्या शतकात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय अमेरिकनांनी दक्षिणेतली शेतमजुरी आणि वर्णभेदाचा जाच मागे टाकून उत्तरेकडच्या औद्योगिक शहरांची वाट धरली. थॉम्पसन कुटुंबही त्यांपैकीच एक. १९५०च्या सुमारास ते शिकागोत आले. घरात संगीत होतेच. थोरला भाऊ जिमी पुढे नामवंत ब्लूज गिटारवादक झाला, तर दुसरा भाऊ मॅक बास वाजवायचा.

शिकागोत मॅजिक सॅम, ज्युनिअर वेल्स, बिली बॉय अर्नोल्ड अशा ब्लूजच्या जाणत्यांबरोबर वाजवत सिल तयार झाला. १९५९ मध्ये त्याने फेडरल कंपनीसाठी पहिली तबकडी केली. फेडरल ही सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्सची उपकंपनी. किंगचा मालक सिड नेथन याने त्याचे आडनाव बदलून ‘जॉन्सन’ केले आणि तेच कायमचे चिकटले. ब्लूजची ही तालीम त्याच्या गायकीतून कधीच गेली नाही. टिपेला गेल्यावर किंचित फाटणारा, धारदार आवाज ही त्याची ओळख बनली.

ट्विनाइटची वर्षे

जॉन्सनचे सर्वांत मोलाचे काम शिकागोच्या ट्विनाइट या छोट्या कंपनीत झाले. १९६७ मध्ये ‘कम ऑन सॉक इट टू मी’ हे गाणे रिदम अँड ब्लूज यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्याच वर्षी आले ‘डिफरंट स्ट्रोक्स’. ते सतराव्या क्रमांकावर थांबले आणि श्रोते पुढच्या गाण्याकडे वळले. हेच गाणे पुढे हिप-हॉपची खाण ठरेल याची तेव्हा कुणाला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

या गाण्याची सुरुवात कान देऊन ऐकण्यासारखी आहे. घट्ट, कोरडा ड्रमचा ठेका पडतो. त्यावर जॉन्सनचा पोटातून आलेला हुंकार उमटतो आणि एका स्त्रीचे खळखळून हसणे ऐकू येते. मग ब्रास वाद्यांचे तुटक फटकारे सुरू होतात. या काही सेकंदांत वाद्ये एकमेकांवर चढत नाहीत. प्रत्येक आवाज सुटा आणि स्वच्छ राहतो, म्हणूनच तो वेगळा काढता येतो.

ट्विनाइटमध्ये जॉन्सन केवळ गात नव्हता. तो इतरांची ध्वनिमुद्रणेही करत होता. ‘द नोटेशन्स’ या गायकवृंदाच्या कामामागे त्याचा हात होता. पण त्या काळातली त्याची सर्वांत मोठी निर्मिती म्हणजे १९६९चे ‘इज इट बिकॉज आय अ‍ॅम ब्लॅक’. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, शिकागोच्या वेस्ट साइड भागात जाळपोळ झाली. त्या वातावरणातून आलेल्या या गाण्यात घोषणाबाजी नाही. आपली स्वप्ने कुणीतरी मागे खेचत आहे, हे आपल्या रंगामुळेच का, असा प्रश्न संथ लयीत, जवळजवळ स्वतःशीच विचारलेला आहे. साथीला ‘पीसेस ऑफ पीस’ हा वाद्यवृंद होता. गाणे अकराव्या क्रमांकापर्यंत गेले आणि १९७० मध्ये याच नावाचा अल्बम निघाला. कृष्णवर्णीयांचे जगणे हा एकच धागा धरून गुंफलेला हा अल्बम मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या एक वर्ष आधीचा आहे. मागे भक्कम वितरण नसल्याने तो सोलच्या इतिहासात दीर्घकाळ तळटीपेपुरताच उरला.

मेम्फिस आणि अल ग्रीनची सावली

सत्तरच्या दशकाच्या आरंभी निर्माता विली मिचेल याने जॉन्सनला मेम्फिसच्या हाय रेकॉर्ड्समध्ये आणले. तिथल्या रॉयल स्टुडिओत टीनी, चार्ल्स आणि लिरॉय हे हॉजेस बंधू आणि ड्रमवादक हॉवर्ड ग्राइम्स यांची साथ मिळे. वादक अव्वल होते, निर्माता अव्वल होता, पण त्याच कंपनीत अल ग्रीनही होता. कंपनीचे बळ साहजिकच त्याच्यामागे उभे राही.

‘टेक मी टू द रिव्हर’ हे याचे ठळक उदाहरण. अल ग्रीन आणि टीनी हॉजेस यांनी रचलेले हे गाणे ग्रीनने १९७४च्या अल्बममध्ये गायले, पण ते स्वतंत्र तबकडी म्हणून निघाले नाही. १९७५ मध्ये जॉन्सनने ते अधिक खरखरीत ढंगात, हार्मोनिकाची जोड देऊन गायले आणि रिदम अँड ब्लूज यादीत सातवा क्रमांक गाठला. त्याच्या कारकिर्दीतले हे सर्वाधिक यश. तरीही आज गाण्याबरोबर आठवतो तो ग्रीन किंवा १९७८ मध्ये ते नव्याने सादर करणारा ‘टॉकिंग हेड्स’ हा रॉक वाद्यवृंद. १९८२ मध्ये ‘मिस फाइन ब्राउन फ्रेम’ने थोडी चमक दाखवली. त्यानंतर जॉन्सन संगीतातून जवळजवळ बाजूला झाला आणि शिकागोत माशांच्या खाद्यपदार्थांची उपाहारगृहे चालवू लागला.

सॅम्पलिंगचे तंत्र

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये हिप-हॉप जोर धरत होते. त्याचे मूळ ऑगस्ट १९७३ मधल्या ब्रॉन्क्समधल्या एका पार्टीत शोधले जाते. तिथे तबकड्या वाजवणाऱ्या डीजे कूल हर्कच्या लक्षात आले होते की नाचणाऱ्यांना गाण्यातली एक विशिष्ट जागा सर्वाधिक भावते. गायन आणि सुरावट थांबून केवळ ठेका उघडा पडतो, ती जागा म्हणजे ‘ब्रेक’. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर आलटून पालटून लावत त्याने ही जागा हवी तितकी लांबवली.

हाताने होणारे हे काम ऐंशीच्या दशकात सॅम्पलर या आवाजाचे तुकडे साठवणाऱ्या यंत्राकडे गेले; तुकडे उचलण्याच्या या तंत्राला सॅम्पलिंग म्हणतात. १९८७ मध्ये आलेल्या ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये एकूण जेमतेम दहा सेकंदांचा आवाज साठवता येई. म्हणून निर्माते तबकडी जलद गतीने फिरवून आवाज आत घेत आणि मग यंत्रात त्याची गती उतरवत. त्यामुळे आवाजाला एक दाणेदार खरबरीतपणा येई आणि तो त्या काळच्या हिप-हॉपची खूणच ठरला. जागा इतकी कमी असताना निर्मात्याला अर्ध्या-एक सेकंदात व्यक्तिमत्त्व दाखवणारा आवाज हवा असे. ‘डिफरंट स्ट्रोक्स’मध्ये असे आवाज एकापाठोपाठ एक मांडलेले होते. ठेका एका गाण्यात जाई, हुंकार दुसऱ्यात, हसणे तिसऱ्यात.

वू-टँग क्लॅन, कूल जी रॅप, गेटो बॉइज, एमसी हॅमर अशा परस्परांहून भिन्न कलाकारांनी जॉन्सनची ध्वनिमुद्रणे वापरली. वू-टँगचा निर्माता रिझा याने २०००च्या ‘द डब्ल्यू’ अल्बममधल्या ‘हॉलो बोन्स’मध्ये ‘इज इट बिकॉज आय अ‍ॅम ब्लॅक’मधला गायलेला आवाजच मध्यभागी ठेवला. इथे उसना घेतलेला तुकडा केवळ ताल धरत नाही, १९६९चा प्रश्न तो पुढच्या पिढीच्या तोंडी देतो. सॅम्पलिंगमधली कलात्मकता समजून घ्यायला हे उदाहरण पुरेसे आहे.

हक्काचा झगडा

नव्वदच्या दशकाच्या आरंभी आपली गाणी सर्रास वापरली जात असल्याचे जॉन्सनला कळले. त्याने रॅपच्या तबकड्या ऐकून आपले आवाज हुडकले, वकील गाठले आणि रीतसर मोबदला मागितला. अनेकांनी तो दिला.

कायद्याची वाट मात्र सोपी नव्हती. गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, दुसरा प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. रचनाकाराच्या बाजूचे एक उदाहरण पाहा. लता मंगेशकर यांनी गायलेल्या ‘थोडा रेशम लगता है’ (१९८१) या गाण्याचा तुकडा २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये वापरला गेला, तेव्हा संगीतकार बप्पी लाहिरी यांनी अमेरिकेच्या न्यायालयात जाऊन श्रेयाविना विक्रीला मनाई मिळवली. जॉन्सनची अडचण ध्वनिमुद्रणाच्या हक्काची होती. अमेरिकेच्या संघीय स्वामित्वहक्क कायद्याने १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्याच ध्वनिमुद्रणांना संरक्षण दिले होते. त्याआधीची ध्वनिमुद्रणे राज्यांच्या कायद्यांवर सोडलेली होती. सायप्रेस हिल या रॅप गटाने १९९३च्या ‘ब्लॅक संडे’मध्ये केलेल्या वापराविरुद्धचा जॉन्सनचा दावा नेमका इथेच अडला आणि २०११ मध्ये अपील न्यायालयातही तो हरला.

ही फट एकट्या जॉन्सनपुरती नव्हती. हिप-हॉपने सर्वाधिक वापरलेल्या ठेक्यांपैकी अनेक याच तारखेच्या आधीचे आहेत. विन्स्टन्सच्या ‘आमेन, ब्रदर’ (१९६९) मधला ग्रेगरी कोलमनचा ठेका आणि जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’ (१९७०) मधला क्लाइड स्टबलफिल्डचा ठेका जगभर गाजले, पण रॉयल्टीची वाटणी ठेका वाजवणाऱ्यापर्यंत पोहोचत नव्हती. १९७२पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना संघीय संरक्षण मिळायला २०१८चा म्युझिक मॉडर्नायझेशन अ‍ॅक्ट यावा लागला.

२०११ मध्येच जॉन्सनने ‘डिफरंट स्ट्रोक्स’च्या वापरावरून रॅपर कान्ये वेस्ट आणि जे-झी यांच्यावर दावा लावला. वादातले गाणे होते त्यांच्या ‘वॉच द थ्रोन’ अल्बमच्या विशेष आवृत्तीतले ‘द जॉय’. २०१२ मध्ये हा दावा आपसात मिटला. त्याआधी २००४ मध्ये जॉन्सनची मुलगी, गायिका सिलीना, हिने वेस्टच्याच ‘ऑल फॉल्स डाउन’मध्ये गायले होते. गायिका लॉरिन हिलच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरण्याची परवानगी न मिळाल्याने ती ओळ सिलीनाकडून नव्याने गाऊन घेतली गेली. परवानगी घेण्याची शिस्त तोवर या व्यवसायात किती रुजली होती, हे त्यावरून दिसते.

पुनर्मूल्यांकन

सॅम्पलिंगमुळे निर्माण झालेल्या कुतूहलाने जॉन्सनला पुन्हा स्टुडिओत आणले. १९९४ मध्ये शिकागोच्या डेलमार्क कंपनीने ‘बॅक इन द गेम’ हा अल्बम काढला. हायचे जुने वादक त्यात होते आणि सिलीनाही होती. २०१० मध्ये न्यूमेरो ग्रुप या संग्राहक वृत्तीच्या कंपनीने त्याच्या सुरुवातीच्या कामाचा ‘कम्प्लीट मिथॉलॉजी’ हा संच चार सीडी आणि सहा तबकड्यांत प्रसिद्ध केला. सर्वोत्कृष्ट ऐतिहासिक अल्बम आणि सर्वोत्कृष्ट टिपण या दोन विभागांत त्याला ग्रॅमी नामांकने मिळाली. २०१५ मध्ये रॉब हॅच-मिलर याचा ‘सिल जॉन्सन : एनी वे द विंड ब्लोज’ हा माहितीपट आला. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, भाऊ जिमीच्या निधनानंतर अवघ्या सहा दिवसांनी, वयाच्या ८५व्या वर्षी सिलचे निधन झाले.

जॉन्सनचा वारसा दुहेरी आहे. सोलच्या इतिहासात तो शिकागोचा ब्लूज आणि मेम्फिसचा सोल यांना जोडणारा, वर्णभेदाचा प्रश्न अल्बमभर पेलणारा गायक ठरतो. हिप-हॉपच्या इतिहासात तो ध्वनीचा स्रोत तर आहेच, शिवाय उसन्या घेतलेल्या आवाजामागे एक हाडामांसाचा कलावंत असतो, त्याचे नाव आणि त्याचा वाटा त्याला दिलाच पाहिजे, हे वादकांच्या बाजूने ठामपणे मांडणाऱ्यांतही त्याची गणना करावी लागते.