पडणाऱ्या उमेदवाराची अनामत

निवडणूक जाहीर झाली, की महाड-पोलादपूरच्या बाजारपेठेतून मोठ्या पक्षांच्या गाड्यांचा ताफा जातो आणि त्याच्या मागून कधी तरी एक रिक्षा येते. वर एकच कर्णा, आत उमेदवार स्वतः. पत्रकं वाटणाराही तोच. मागच्या खेपेला पडलेला, त्याच्या आधीही पडलेला. आपण त्याला चहा पाजतो, पत्रक घडी करून खिशात घालतो आणि तो पुढे गेला की हसतो. माझ्यासारख्या कवीला मात्र हसायची सोय नाही. माझ्या संग्रहाच्या जेवढ्या प्रती खपतात, त्याहून त्याला मतं जास्त पडतात!

हा माणूस पुन्हा पुन्हा उभा राहतो तो कशाच्या बळावर, आणि त्याला त्याची किंमत काय पडते, हे थोडं समजून घेऊ.

पहिली किंमत अनामत रकमेची, म्हणजे आपल्या बोलीतल्या ‘डिपॉझिट’ची. १९५१ च्या कायद्यात ती लोकसभेला ५०० रुपये आणि विधानसभेला २५० रुपये होती. आज लोकसभेला २५ हजार आणि विधानसभेला १० हजार भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला त्याच्या निम्मे. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर ही रक्कम सरकारजमा होते. समजा, विधानसभेला १ लाख ८० हजार वैध मतं पडली, तर अनामत वाचवायला ३० हजारांच्या वर जावं लागतं. लहान पक्षाच्या माणसाला हे म्हणजे वरंध घाट सायकलनं चढण्यासारखं.

रक्कम एवढी वाढली त्याला १९९६ साल कारण झालं. त्या वर्षी तमिळनाडूत मोडकुरिची या एका विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे राहिले. आपल्या बेळगावातही लोकसभेला ४५६ जण रिंगणात होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष वेधावं म्हणून मराठी माणसांनी अर्जांचा पाऊस पाडला होता. मतपत्रिकेची वहीच झाली. त्याच वर्षी कायदा बदलला, अनामत वाढली आणि अपक्षाला किंवा मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला एकाऐवजी दहा सूचक लागू लागले. निवडणूक यंत्रणेची अडचण खरी होती, पण बेळगावकरांचं गाऱ्हाणंही खरंच होतं.

बरं, लहान पक्षानं घरी बसायचं म्हटलं तरी चालत नाही. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवणाऱ्या नोंदणीकृत पक्षांची नावं आयोग यादीतून काढतो. २०२५ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मिळून आठशेहून अधिक पक्ष असे वगळले गेले. म्हणजे लढलं तर अनामत जाते, नाही लढलं तर पक्ष जातो.

तरीही काहींना त्यातच गोडी. बरेलीचे कापडव्यापारी काका जोगिंदरसिंग तीनशेच्या वर निवडणुका लढले आणि हरले. कुस्तीत जमीन धरून बसणाऱ्याला ‘धरतीपकड’ म्हणतात. लोकांनी त्यांना तेच नाव दिलं. १९९२ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूकही त्यांनी सोडली नाही. गेलेली अनामत ही देशाच्या तिजोरीला आपली मदत, असं ते म्हणत.

पण प्रत्येक लहान उमेदवार धरतीपकड नसतो, हे महाडकरांना सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. काँग्रेसपुढे तो लहानच. चवदार तळ्याच्या सत्याग्रहातले त्यांचे सहकारी, महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस हे या पक्षाचे आमदार झाले. १९३७ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक विधिमंडळात मांडलं. तेव्हा ते मंजूर झालं नाही. खोती उठवणारा कायदा आला तो १९४९ चा. आमच्या कुलाबा-रत्नागिरीतल्या कुळांचा प्रश्न सभागृहाच्या कामकाजात बारा वर्षं आधी नोंदवला गेला तो या लहान पक्षामुळे. खुद्द बाबासाहेब १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात पडले, हेही विसरू नये.

आता दुसरी जात. रायगड लोकसभा मतदारसंघात २०१४ मध्ये अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना २,११० मतांनी हरवलं. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष होता. त्याला ९,८४९ मतं पडली, म्हणजे फरकाच्या चौपटीहून जास्त. उभं राहण्याचा हक्क त्याचाही होताच. पण त्या साडेनऊ हजारांच्या वर माणसांपैकी कितीजणांचं बोट हव्या त्या बटणावर पडलं असेल? रिक्षातून फिरणारा आपला गडी स्वतःच्या नावावर मतं मागतो. नामसाधर्म्याच्या उमेदवाराला मागावीच लागत नाहीत. दोघांना एकाच मापानं ‘किरकोळ’ म्हणणं मला पटत नाही.

२०१५ पासून मतदानयंत्रावर नावाशेजारी उमेदवाराचा फोटो येतो, तो अशाच गोंधळापायी. २०१९ मध्येही रायगडात तटकरे नावाचे अपक्ष होते. पण तेव्हा फरक ३१ हजारांच्या वर गेल्यानं निकालाला धक्का लागला नाही. यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार असतात, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष आणि सगळ्यात शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’. आपला रिक्षावाला उमेदवार बहुधा मधल्या रांगेत सापडतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मतदानाला नेताना नाव, चिन्ह आणि फोटो, तिन्ही आधी नीट समजावून सांगा.