माग काढताना – भाग ९ : खराटा आणि भरती

ट्रॅप कॅमेऱ्यांचं या आठवड्यात ठरलं होतं, ते पुढे ढकलतो. गोवंडीहून एका वाचकाने विचारलंय : फिनलंडवाले थंडीत माग मोजतात ते बर्फ पडतो म्हणून. मग तुम्ही घोडबंदर रस्त्यालगतच्या डोंगरात डिसेंबर-जानेवारीतच का फिरता? आणि आमच्या खाडीकाठी हे जमेल का?

पावसाळ्यात चिखल भरपूर, पण एक सर आली की सगळं पुसलं. थंडीत गवत वाळून आडवं होतं, पायवाटेवर बारीक धूळ साचते आणि रात्रीचं दव तिला दाबून ठेवतं. अशा धुळीत बिबट्याच्या तळव्याच्या मागच्या कडेचे तीन फुगवटेसुद्धा उमटतात. पाहायचं मात्र सकाळच्या तिरप्या उन्हात. दुपारी तोच ठसा सापडत नाही.

पण खरं हत्यार खराटा! फिनलंडमध्ये १९८९ पासून चार-चार किलोमीटरच्या तीन बाजूंचा त्रिकोण चालून माग मोजतात, तेही ताजा बर्फ पडल्यावर किंवा आदल्या दिवशी जुन्या मागांवर खुणा करून. आपण संध्याकाळी वाट झाडायची, उजाडताच वाचायची. कधीचा ते माहीत नसलेला ठसा मोजणीत घेऊ नये.

ठशांवरून वाघ मोजायची पद्धत सरोज राज चौधरींनी १९६६ मध्ये ओडिशात बसवली. २००५ मध्ये सरिस्कातले वाघ संपल्याचं उघड झालं आणि ती मागे पडली. योग्यच झालं. एकच वाघ दोनदा मोजला गेला तरी कळणार कसं? रस्त्याकडेला मात्र मला ‘किती’पेक्षा ‘कुठून’ हे हवं असतं. माळशेज घाटात २००९ मध्ये सोडलेला ‘आजोबा’ बिबट्या गळ्यातल्या पट्ट्यामुळे कळला : मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून शंभरावर किलोमीटर चालत तो इकडे आला आणि डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली गेला. प्रत्येकाला पट्टा कोण बांधणार? कॅनडात बान्फला महामार्गाखालच्या वाटांवर वाळू पसरून, ती रोज नाही तरी ठरावीक दिवसांनी सारखी करून, वर्षानुवर्षं ठसे वाचले गेले. आपल्या मोऱ्यांच्या तोंडाशी पोतंभर बारीक माती पुरते.

आता गोवंडी. तिथे खराटा नकोच, भरती आहे. पाणी जिथवर चढतं तिथला ठसा गेल्या भरतीनंतरचा. त्याच्या वर, फक्त उधाणाला भिजणाऱ्या पट्ट्यात, तो कितीतरी दिवसांचा असू शकतो. म्हणून आधी भरतीची वेळ बघा, मग चिखल. तिवरांच्या कडेला कोल्हा हमखास, पण भटकी कुत्रीही तिथेच. कोल्ह्याचा ठसा अरुंद, लांबट, नखं पुढे रोखलेली आणि मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागे जुळलेल्या. कुत्र्याची बोटं फाकतात, चालही इकडेतिकडे भरकटते.

२०२४ मध्ये ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला होता. तेव्हा ठशांवरच थांबा. एखादा दिवसाढवळ्या जवळ येऊ लागला तर वनखात्याला कळवा. कॅमेरे पुढच्या आठवड्यात, नक्की.