बातमी झाली, विक्रीचं काय?

सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला एक जुना वाडा २०१६ सालापर्यंत फार तर आजूबाजूच्या लोकांना ठाऊक होता. त्या वर्षी झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, नाईकांचा वाडा म्हणून तो घराघरांत पोचला आणि मालवण-वेंगुर्ल्याला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या वाट वाकडी करून तिथं थांबू लागल्या. प्रसिद्धीच्या ताकदीचा याहून ठळक पुरावा सिंधुदुर्गात शोधायला नको. त्यातूनच एक समजूत पक्की होते, की पेपरात नाव आलं, टीव्हीवर दिसलं की धंदा आपसूक वाढतो. पण फोटो काढून पुढं गेलेला पाहुणा आणि मुक्काम करून, जेवून, पुढच्या वर्षी पुन्हा येणारा पाहुणा यांच्यात फार अंतर असतं. वाड्यासमोर उभं राहून ते मोजता येत नाही. एकट्यादुकट्यानं, स्वतःच्या बळावर बनवलेल्या मोबाइल अ‍ॅपच्या बाबतीत मात्र ते जवळजवळ दिवसागणिक मोजता येतं. हे आकडे पाहिले की माझं तरी मत असं होतं : बातमी माणसं दारापर्यंत आणते, पण विक्री ठरते ती बातमी कोणत्या वेळी आली आणि दाराआड काय तयार होतं यावर.

बातमी वाचणारा माणूस अ‍ॅपपर्यंत पोचतो कसा, हे आधी पाहू. सकाळी पेपरात अ‍ॅपचं नाव देवनागरीत छापून येतं. वाचकाला फोन उचलायचा, प्ले स्टोअर उघडायचं, ते नाव इंग्रजी अक्षरांत अंदाजानं लिहायचं आणि समोर आलेल्या सारख्या नावांच्या चार अ‍ॅपमधून नेमकं एक ओळखायचं असतं. प्रत्येक पायरीवर काही लोक गळतात. अ‍ॅप बनवणाऱ्याला मिळणाऱ्या नोंदींत लोक स्टोअरमध्ये शोधून आले, नुसतं चाळताना आले की बाहेरच्या एखाद्या दुव्यावरून आले, हे वेगवेगळं दिसतं. छापील पेपरचा वाचक यातल्या ‘शोधून आलेल्यां’त मिसळून जातो. संकेतस्थळावरच्या बातमीत दुवा असतो, तिथं गळती कमी. म्हणजे जिची कात्रणं आपण जपून ठेवतो ती छापील बातमी मानाची खरी, पण विक्रीच्या दृष्टीनं सर्वांत लांबच्या वाटेची.

त्यापुढं पैशाचा प्रश्न. ९९ रुपयांचं अ‍ॅप विकलं गेलं तर छोट्या विकसकाकडून गूगल १५ टक्के घेतं. करांचा हिशेब बाजूला ठेवला तरी हातात ८४ रुपये येतात. आणि मुळात ९९ रुपये मोजणारा माणूस मिळणंच अवघड. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ या गाजलेल्या खेळाचं उदाहरण इथं जरा सावकाश पाहण्यासारखं आहे, कारण तो बनवणाऱ्या लंडनच्या ‘अस्टू’ या संस्थेनं आपला हिशेब जानेवारी २०१५ मध्ये जगासमोर मांडला. मोजकी माणसं, ५५ आठवडे काम, साडेआठ लाख डॉलर खर्च. ३ एप्रिल २०१४ ला तो बाजारात आला त्या एका दिवसात सुमारे १ लाख ४५ हजार डॉलर जमले, आणि पुढं तशी उंची रोज टिकली नाही. तरी वर्षअखेरीपर्यंत २४ लाखांवर प्रती विकल्या गेल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ या अमेरिकी मालिकेतला राष्ट्राध्यक्ष हा खेळ खेळताना दाखवला गेला आणि विक्री पुन्हा उसळली. प्रसिद्धीनं विक्री वाढते, हे इथं निर्विवाद दिसतं. पण त्याच हिशेबातला दुसरा आकडा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे : आयफोनवर बसवलेल्या प्रतींपैकी ४० टक्के विकत घेतलेल्या होत्या, अँड्रॉइडवर फक्त ५ टक्के. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड आहे. इतका नावाजलेला खेळही तिथं शंभरातल्या पाचांनीच पैसे देऊन घेतला असेल, तर मराठी अ‍ॅपची बातमी वाचून आलेल्या गर्दीकडून थेट विक्रीची अपेक्षा किती धरायची? अशा अ‍ॅपचं उत्पन्न बहुधा जाहिरातींवर किंवा वर्गणीवर चालतं, आणि ते दोन्ही तेव्हाच मिळतं जेव्हा माणूस अ‍ॅप पुन्हा पुन्हा उघडतो.

गर्दीला तयारी नसताना बोलावलं तर काय होतं, हेही आपण पाहिलेलं आहे. ‘फौजी’ या खेळाची घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये अक्षयकुमारच्या तोंडून झाली, देशभर चर्चा झाली, आगाऊ नोंदणी लाखांत गेली. २६ जानेवारी २०२१ ला खेळ आला आणि काही दिवसांतच प्ले स्टोअरवरचे त्याचे तारे पाचाजवळून तीनाच्या आसपास घसरले. लोकांना जे ऐकवलं होतं ते हातात पडलं नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये झोहो कंपनीच्या ‘अराट्टाई’ या संदेश पाठवण्याच्या अ‍ॅपचं नाव केंद्रीय मंत्र्यांनी घेतलं, तेव्हा रोजच्या नव्या नोंदण्या तीन दिवसांत ३ हजारांवरून साडेतीन लाखांवर गेल्याचं झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी सांगितलं. यंत्रणा तातडीनं वाढवावी लागली. झोहोकडे त्यासाठी माणसं आणि पैसा होता. कुडाळच्या किंवा कणकवलीच्या एखाद्या खोलीत बसून एकट्यानं अ‍ॅप सांभाळणाऱ्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. त्याचा सर्व्हर अडला तर वैतागलेला माणूस एक तारा देऊन जातो, आणि बातमी विसरली गेल्यावरही तो तारा तिथंच राहतो.

यावर कुणी म्हणेल, बातमीच नसेल तर लाखो अ‍ॅपच्या गर्दीत त्याचं अस्तित्व कळणार कुणाला? शिवाय एकदम पुष्कळ लोकांनी उतरवून घेतलं की स्टोअरच्या यादीत अ‍ॅप वर चढतं आणि बातमीशी संबंध नसलेल्यांनाही दिसू लागतं. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. पण यादीत वर चढवणं एवढंच बातमीच्या हाती असतं. तिथं टिकणं हे तारे, वापर आणि अ‍ॅप काढून टाकणाऱ्यांचं प्रमाण यांच्याशी बांधलेलं असतं. मुंबईतल्या सचिन टेके यांचं ‘एम-इंडिकेटर’ घ्या. लोकलचं वेळापत्रक रोज सकाळी लागतं, शेजारी उभा असलेला प्रवासी ते उघडून बघतो आणि आपण विचारतो, हे कुठलं? बंगळूरच्या सिग्मॉइड लॅब्सचं ‘व्हेअर इज माय ट्रेन’ही असंच डब्याडब्यांतून पसरलं. इंटरनेट नसतानाही मोबाइल टॉवरच्या आधारे गाडी कुठं आहे हे ते सांगतं, आणि गणपतीला कोकण रेल्वेनं गावी निघालेल्या चाकरमान्याला याहून मोठी जाहिरात लागत नाही. २०१८ मध्ये गूगलनं ती कंपनी विकत घेतली.

वेळ आणि सातत्य यांचं महत्त्व मालवणच्या मातीतल्या माणसाला कळलेलं होतं. ज्योतिर्भास्कर जयंत साळगावकर यांचा जन्म मालवणचा, १९२९ चा. त्यांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केलं. त्याची जाहिरात रेडिओ-टीव्हीवर इतकी घुमली, की लोक कॅलेंडरला ‘कालनिर्णय’च म्हणू लागले. पण ती घुमायची नवं वर्ष तोंडावर आलं की, म्हणजे घरात तशीही खरेदी होणार असे तेव्हा. एकदा भिंतीवर चढलं की एकादशीपासून दुधाच्या हिशेबापर्यंत रोज नजर तिथं जाणार, मागच्या पानावर पाककृती आणि लेख वाचायला मिळणार, आणि डिसेंबरात पुन्हा तेच मागितलं जाणार. जाहिरातीला पैसा लागतो, तो छोट्या विकसकानं कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला आंगणेवाडीत दिसतं. तिथल्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगावरून ठरत नाही; गावकरी देवीचा कौल घेतात आणि मग ती जाहीर होते. दुसऱ्या दिवशी ती मुंबईच्या पेपरांत येते, फोनाफोनी होते, लोक तिकिटांच्या मागं लागतात, जादा गाड्या सुटतात. तारखेच्या बातमीला कुणी पैसे मोजत नाही. ती वाचली जाते कारण वाचणाऱ्याला त्याच क्षणी काहीतरी करायचं असतं, आणि दर वर्षी करायचं असतं.

म्हणून मालवण किनाऱ्यावरच्या होमस्टेचं, बोटींचं किंवा देवगड हापूसच्या पेट्यांचं अ‍ॅप कुणी केलं, तर बातमीचा पहिला दिवस मी जूनमध्ये येऊ देणार नाही. तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, आंबा संपलेला असतो आणि उतरवून घेतलेलं अ‍ॅप दिवाळीच्या आत पुसलं गेलेलं असतं. आंब्यासाठी मार्च, पर्यटनासाठी ऑक्टोबर. त्याआधी देवबाग-तारकर्लीतल्या मोजक्या घरमालकांनी एक अख्खा हंगाम ते वापरून त्यातल्या चुका काढलेल्या हव्यात, आणि पाहुणा निघताना त्याच्या फोनवर पुढच्या खेपेसाठी तेच अ‍ॅप ठेवून देणारी माणसंही तीच हवीत. पत्रकाराला फोन त्यानंतर करावा, आणि बातमीत दुवा येईल एवढी विनंती तेवढी जरूर करावी.