एअर फ्रायर फार तापतोय?
बाहेरून कोमट लागणं स्वाभाविक. हात टेकवत नसेल तर आधी मागची जाळी पाहा. गरम हवा तिथूनच बाहेर पडते आणि आपल्याकडच्या अरुंद ओट्यावर ही जाळी हमखास भिंतीला टेकलेली असते. वीतभर जागा सोडा. धूर येत असेल तर प्लग काढून, यंत्र थंड झाल्यावर वरच्या कॉइलवरचा तेलकट थर ओलसर फडक्याने पुसा. प्लगच तापतोय? १५०० वॉटचा फ्रायर २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर खेचतो. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला ते झेपत नाही. १६ अँपिअरचाच हवा, कन्व्हर्टर नको. चालता चालता बंद पडून पुन्हा सुरूच झाला नाही, तर बहुधा आतला थर्मल फ्यूज उडालाय. तो वगळून वायर थेट जोडून देणारा कारागीर भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.