अमेरिकेतील समकालीन कला : आश्रय, अर्थकारण आणि स्वातंत्र्य

प्रस्तावना :

फ्रान्स, जर्मनी यांसारख्या युरोपीय राष्ट्रांत नाट्यगृहे, वाद्यवृंद व संग्रहालये यांचा मोठा भार शासन उचलते. अमेरिकेने वेगळा मार्ग स्वीकारला आहे. तेथे केंद्रीय पातळीवर सांस्कृतिक मंत्रालय नाही. असे असूनही २०२३ मध्ये कला व संस्कृती क्षेत्राचा त्या देशाच्या स्थूल देशांतर्गत उत्पादनातील वाटा सुमारे ४.२ टक्के, म्हणजे एक लाख कोटी डॉलरहून अधिक होता. चित्रपट, दूरचित्रवाणी व प्रकाशन हे व्यवसायही यात मोडतात. इतकी संपन्नता असताना तेथील कवी, चित्रकार आणि लहान नाट्यसंस्था यांचे जीवन अस्थिर का, असा प्रश्न निर्माण होतो. कलेला मिळणाऱ्या आश्रयाची रचना पाहिल्यास त्याचे उत्तर मिळू शकते. प्रस्तुत लेखात या रचनेचा परामर्श घेतला आहे.

प्रयोगकलांचे अर्थकारण :

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या आर्थिक पेचाची मीमांसा केली. यंत्रांमुळे कारखान्यातील कामगाराची उत्पादकता सतत वाढते. परंतु चार वादकांची रचना सादर करण्यास दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसे व जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. इतर क्षेत्रांतील वेतन वाढले की कलावंतांचे मानधनही वाढवावे लागते, आणि खर्च व तिकीटविक्री यांतील अंतर रुंदावत जाते. ही तूट व्यवस्थापनाच्या दोषातून नव्हे, तर कलेच्या स्वरूपातूनच उद्भवते. म्हणून ती कोणी भरून काढावी, हा मूलभूत प्रश्न ठरतो.

खाजगी दातृत्व व करसवलत :

अमेरिकेत ही तूट मुख्यतः देणग्यांतून भरून निघते. १९१७ पासून सार्वजनिक हिताच्या संस्थांना दिलेली देणगी करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. समजा, ३० टक्के दराने कर भरणाऱ्या व्यक्तीने संग्रहालयास १०० डॉलर दिले, तर तिचा ३० डॉलर कर वाचतो. म्हणजेच शासनही अप्रत्यक्षपणे तेवढा खर्च करते. मात्र तो कोठे व्हावा हे देणगीदार ठरवतो.

या व्यवस्थेचे लाभ नाकारता येत नाहीत. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले ते रॉकफेलर शिष्यवृत्तीमुळेच. परंतु देणगीदार बहुधा मोठ्या शहरांतील प्रतिष्ठित संस्थांकडे वळतात. शिवाय देणगीबरोबर देणगीदाराचे नावही भिंतीवर येते. वेदनाशामक औषधांच्या व्यसनाच्या साथीशी सॅकलर कुटुंबाच्या कंपनीचे नाव जोडले गेले. छायाचित्रकार नॅन गोल्डिन यांनी त्याविरुद्ध आंदोलन उभारले. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने सात दालनांवरून ते नाव हटवले.

राष्ट्रीय कलानिधी :

जेथे धनिक पोहोचत नाहीत तेथे कला पोहोचावी, या भूमिकेतून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत १९६५ मध्ये 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स' हा राष्ट्रीय कलानिधी स्थापन झाला. त्याच्या अनुदानाचा सुमारे ४० टक्के हिस्सा राज्ये व प्रादेशिक संस्थांमार्फत खर्च होतो. संस्थांना थेट अनुदान देताना सामान्यतः तेवढीच रक्कम अन्यत्र उभारण्याची अट असते. २०२४ मध्ये या निधीची एकूण तरतूद २० कोटी ७० लाख डॉलर, म्हणजे दरडोई सुमारे ६० सेंट होती.

एवढ्या अल्प रकमेवरून झालेला वाद मात्र तीव्र आहे. १९८९ मध्ये आंद्रे सेरानो व रॉबर्ट मेपलथॉर्प यांच्या छायाचित्रांना धर्मनिंदा व अश्लीलता या कारणांवरून विरोध झाला. या दोहोंशी संबंधित शासकीय साहाय्य मिळून ५० हजार डॉलरही नव्हते. वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनाने मेपलथॉर्प यांचे प्रदर्शन रद्द केले. सिनसिनाटीत त्याच प्रदर्शनावरून कलाकेंद्र व त्याचे संचालक यांच्यावर खटला भरण्यात आला. १९९० मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले. त्याच वर्षी तज्ज्ञ समितीची शिफारस असूनही चार प्रयोगकलावंतांचे अनुदान नाकारण्यात आले आणि अनुदान देताना सभ्यतेच्या सर्वसाधारण निकषांचा विचार करावा, अशी तरतूद कायद्यात आली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने ती ग्राह्य मानली.

याचा परिणाम तरतुदीवरही झाला. १९९५ मध्ये सुमारे १६ कोटी डॉलर असलेला निधी १९९६ मध्ये सुमारे १० कोटींवर आला. साहित्य, जॅझ व लोककला यांचा अपवाद वगळता व्यक्तिगत कलावंतांना थेट अनुदान देणे बंद झाले. म्हणजे वादाचा भुर्दंड ज्यांचा वादाशी संबंध नव्हता अशा कलावंतांनाही सोसावा लागला.

अलीकडील स्थिती :

निधी बंद करण्याचा प्रस्ताव २०१७ मध्ये मांडला गेला. काँग्रेसने तो स्वीकारला नाही. मे २०२५ मध्ये तो पुन्हा आला आणि त्याच सुमारास देशभरातील अनेक संस्थांना मंजूर अनुदाने रद्द झाल्याच्या सूचना मिळाल्या. ऑगस्टमध्ये २०२६ साठीच्या सर्जनशील लेखनाच्या शिष्यवृत्त्याही रद्द झाल्या. १९९६ नंतर राखलेला साहित्याचा अपवादही अशा रीतीने धोक्यात आला. मोठे संग्रहालय अशा आघातानंतर देणगीदारांकडे वळू शकते. लहान गावातील नाट्यसंस्थेस किंवा कवितेचे पुस्तक काढणाऱ्या प्रकाशन संस्थेस तो पर्याय क्वचितच उपलब्ध असतो.

समारोप :

अमेरिकन समाजात कलेसाठी पैशाची उणीव नाही. उणीव आहे ती कलावंताला निर्भयपणे काम करू देणाऱ्या स्थिर आश्रयाची. खाजगी दातृत्व देणगीदाराच्या अभिरुचीवर, तर शासकीय अनुदान सत्तेच्या मनःस्थितीवर अवलंबून राहते. दोन्ही मार्ग खुले असतील तरच एकाने नाकारलेल्या कलावंतास दुसरीकडे आधार मिळू शकतो. म्हणूनच राष्ट्रीय कलानिधीचे महत्त्व त्याच्या रकमेवरून मोजता येत नाही. तो दुर्बल झाल्यास मोठ्या संस्था टिकतील. परंतु अनोळखी, प्रयोगशील व महानगरांपासून दूर असलेल्या कलावंतांचा आधार मात्र हरपेल.